कुलकर्णी : एक आडनांव, अनेक घराणीं



मीं सारा जन्म मास्तरकी केली. हजेरी घेतांना एकाच वर्गांत चार-पांच कुलकर्णी सांपडावयाचे. एकदां त्यांतील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, आम्ही सारे भाऊबंद का?" मी हसलों आणि "असाल" म्हणून पुढें गेलों. तें उत्तर चुकीचें होतें. आज तें दुरुस्त करावयाचें आहे.

कुलकर्णी हें वंशाचें नांव नव्हे, कामाचें नांव होय. यांतील 'कुळ' म्हणजे जमीन कसून सारा भरणारा खातेदार, आणि 'करण' म्हणजे लेखनाचें व हिशेबाचें काम, असाच अर्थ सामान्यतः लावितात. गांवगाड्यांत पाटील हा पुढारी आणि कुलकर्णी हा लेखक. कोणाची जमीन किती, सारा किती आला, बाकी किती राहिली, हें सर्व त्याच्या दप्तरांत मोडी अक्षरांत नोंदलेलें असे. गांवीं पाटील-कुलकर्णी, तशी परगण्यांत देशमुख-देशपांडे ही जोडी.

आतां या आडनांवाचा एवढा प्रसार कां, हें सहज ध्यानांत येईल. गांवोगांव असा लेखक लागे. म्हणून एकमेकांशीं कांहीं नातें नसलेल्या घराण्यांना एकच नांव मिळालें. शिवाय तें वतन वंशपरंपरेचें. भावाभावांत त्याच्या वांटण्या होत, पाळ्या लागत. आणि ज्यांनीं कधीं दप्तराला हात लाविला नाहीं, त्या शाखाही कुलकर्णीच राहिल्या. देशस्थांत हें आडनांव विशेष. पण कऱ्हाडे, कोंकणस्थ, सारस्वत, कायस्थ प्रभु यांतही तें आहे, आणि कर्नाटकांत लिंगायतांतही आढळतें. कांहीं घराण्यांत मूळचें उपनांव निराळें असे. समर्थ रामदासांचें घराणें ठोसरांचें. जांबचें कुलकर्ण त्यांच्याकडे होतें, असें परंपरा सांगते.

धारवाड, बेळगांव, विजापूर या भागांत तर हें नांव मराठी-कानडी भेद जाणत नाहीं. कथाकार जी. ए. कुलकर्णी यांनीं धारवाडास इंग्रजी शिकविलें आणि कथा मराठींत लिहिल्या. त्याच कामास म्हैसूरकडे शानभोग आणि तेलुगु मुलखांत करणम म्हणत.

या नांवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गांवांत बहुधा एकालाच लिहितां येई; निरक्षर शेतकऱ्याचें बरेवाईट त्याच्या लेखणीवर अवलंबून राही. महात्मा फुले यांनीं 1883 सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत कुलकर्ण्यांवर कडक टीका केली. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं 1918 सालीं कुलकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यानें 1950 सालीं कायदा केला आणि 1951 पासून तेथील उरलेलीं कुलकर्णी वतनेंही संपलीं. माझ्या मतें तें योग्यच झालें. गांवाचा हिशेब कोणा एका घराची मिरास असूं नये.

काम गेलें, नांव मात्र राहिलें. आज कुलकर्णी डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, गवई आहेत. पुण्यामुंबईंत आहेत, तसे परदेशींही आहेत. सातबाऱ्याचा उतारा काढावयास त्यांनाही तलाठ्याकडेच जावें लागे!

एक व्यवहाराची गोष्ट सांगून पुरें करतों. आडनांव एक म्हणून सोयरीक मोडलेली मीं पाहिली आहे. ज्यांना गोत्र पाहावयाचें असेल त्यांनीं तें खुशाल पाहावें. पण कुलकर्णी या नुसत्या शब्दावरून रक्ताचें नातें ठरवूं नये. आपलें मूळ गांव कोणतें, वतनाआधींचें उपनांव कोणतें, हें घरांतील वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवावें. ज्यांच्या पूर्वजांनीं साऱ्या गांवाचें लिहिलें, त्यांच्या स्वतःच्या घरचीच नोंद नसावी, हें बरें दिसत नाहीं.

आणि त्या मुलाला, आतां तोही प्रौढ गृहस्थ झाला असेल, माझें दुरुस्त उत्तर असें : बाळ, तुम्ही भाऊबंद असालच असें नाहीं, तुमच्या पूर्वजांचा धंदा मात्र एक होता.