न्यूहेल्स : जमीनदाराचा वाडा आणि नोकरांचा बोगदा

स्कॉटलंडमध्ये जमिनीच्या मालकाला 'लेअर्ड' म्हणतात. आपल्या भाषेत जमीनदार. या लेअर्ड मंडळींनी बांधलेले जुने वाडे तिथे आजही जपले आहेत. एडिंबरा शहराच्या पूर्वेला, मसलबरा गावाजवळ, न्यूहेल्स नावाचा असाच एक वाडा आहे. त्याची ओळख आम्ही वाचकांना मुद्दाम करून देत आहोत. कारण माणूस माणसाला कुठे उभा करतो, हे या वाड्याच्या भिंती स्पष्ट सांगतात.

पुढचा दरवाजा

जेम्स स्मिथ या वास्तुशिल्पीने १६८६ साली हे दगडी घर स्वतःसाठी बांधले. दर्शनी भाग अगदी मोजून मापून केलेला. मध्यभागी त्रिकोणी माथा, दोन्ही अंगांना सारख्या खिडक्या, आणि मुख्य दारापर्यंत नेणारा दोन बाजूंनी वळत चढणारा जिना. १७०९ मध्ये सर डेव्हिड डालरिंपल यांनी ते विकत घेतले आणि त्याचे नाव न्यूहेल्स ठेवले. डालरिंपल हे वकील-न्यायाधीशांचे घराणे. त्यांनी घराला नवा भाग जोडला तो ग्रंथालयाचा. छतापर्यंत पुस्तकांचे कप्पे असलेल्या त्या दालनात सुमारे सात हजार ग्रंथ होते. पुढे हा संग्रह स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे गेला.

बाहेरची बागही तशीच थाटाची. घरच्या स्त्रियांना फिरण्यासाठी उंचावरून नेलेली वाट, ओढ्यावर चहाघर, शंखशिंपल्यांनी मढवलेली गुहा. पाहुण्यांचे मन रमावे म्हणून काही कमी ठेवले नव्हते.

मागची वाट

पण एवढा मोठा संसार चालवायचा म्हणजे कोळसा, पाणी, धान्य वाहणारे हात हवेत. ते हात तर हवेत, पण ती माणसे डोळ्यांना दिसायला नकोत! म्हणून न्यूहेल्सला नोकरांसाठी एक बोगदा आहे. मालक आणि पाहुण्यांच्या नजरेला न पडता नोकरांनी ये-जा करावी, एवढाच त्याचा हेतू. मालकासाठी वळणदार जिना आणि नोकरासाठी बोगदा! वास्तुकला ही केवळ शोभेची कला नाही. कोणी कुठून चालायचे, कोणी कोणाला दिसायचे, याचे कायदेही ती दगडात लिहून ठेवते.

त्याच घरातला न्यायाधीश

आता या वाड्याची दुसरी बाजू. सर डेव्हिड यांचे नातू, त्यांचेही नाव सर डेव्हिड, हे 'लॉर्ड हेल्स' या नावाने न्यायाधीश झाले. ते मोठे इतिहासकारही होते. त्यांच्या काळात स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे जोसेफ नाइट यांचा खटला आला.

जोसेफ हे आफ्रिकेत जन्मलेले. बालपणीच त्यांना जमैकात नेऊन विकले गेले. जॉन वेडरबर्न या मालकाने १७६९ मध्ये त्यांना स्कॉटलंडला आणले. तिथे जोसेफ वाचायला शिकले. १७७२ मध्ये लंडनच्या न्यायालयाने जेम्स सॉमरसेट या गुलामाला मालकाच्या ताब्यातून सोडवले, ही बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली आणि मालकाचे घर सोडायचे ठरवले. मालकाने त्यांना अटक करवली. जोसेफ कोर्टात गेले. खालच्या कोर्टात एकदा हरले, एकदा जिंकले. अखेर १५ जानेवारी १७७८ रोजी न्यायालयाने निकाल दिला: जमैकाचा गुलामगिरीचा कायदा या देशात चालणार नाही, आणि आयुष्यभर चाकरी करून घेण्याचा हक्कही मालकाला नाही. लॉर्ड हेल्स यांचे मत स्वातंत्र्याच्या बाजूने होते.

एकाच घरात हजारो ग्रंथ आणि नोकरांना लपवणारा बोगदा! स्वातंत्र्याला कौल देणारा न्यायाधीशही त्याच घरातला. हा विरोध केवळ एका वाड्याचा नाही. स्कॉटलंडमधल्या कोळसा खाणीतले मजूर १६०६ च्या कायद्याने खाणमालकाला बांधले गेले होते. त्यांची सुटका १७७५ मध्ये सुरू झाली आणि पूर्ण व्हायला १७९९ उजाडले. म्हणजे जोसेफ सुटले, तेव्हा तिथलेच गोरे मजूरसुद्धा पुरते सुटलेले नव्हते.

१९९७ मध्ये हा वाडा स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाने ताब्यात घेतला. डागडुजी आवश्यक तेवढीच करायची, नवा रंग चढवून जुने पुसायचे नाही, असे धोरण त्यांनी ठरवले. आम्हांला ते फार मोलाचे वाटते. कारण दिवाणखाना चकचकीत करून बोगदा बुजवला असता, तर अर्धा इतिहास गाडला गेला असता.

मुलांना राजवाडे, किल्ले, वाडे जरूर दाखवा. पण एक प्रश्न विचारायला शिकवा: इथे पाणी कोण भरत होते, आणि ते कोणत्या दाराने आत येत होते? जोसेफ नाइट यांच्या हाती एक वर्तमानपत्र आले आणि त्यांनी मालकाच्या घराचे दार ओलांडले. प्रश्न विचारण्याची सुरुवात वाचनातूनच होते.