रात्री गाडीचा भोंगा उगाच वाजू लागला तर

माल बाजारात नेण्यासाठी आता बऱ्याच घरी पिकअप किंवा जीप आली आहे. चोरी टळावी म्हणून तिला अलार्म असतो. पण चोर नसतानाही मध्यरात्री तो ठणाणा करू लागतो आणि वैतागून कोणीतरी भोंग्याची वायर तोडतो. तसं करू नका. बऱ्याच अलार्मची जोडणी स्टार्टरच्या वायरीतून गेलेली असते. भोंगा गप्प होतो, पण पहाटे कांद्याच्या गोण्या भरून चावी फिरवली की गाडी ढिम्म हलत नाही!

आधी रिमोटचे कुलूप उघडण्याचे बटण दाबा. काही होत नसेल तर रिमोटचा सेल उतरला असेल. जुना सेल दुकानात दाखवूनच नवा घ्या. तोवर चावीने दार उघडून गाडी सुरू करून पाहा. कंपनीतून आलेला अलार्म पुष्कळदा एवढ्यानेच थांबतो. बाहेरून बसवलेल्यात बहुधा स्टिअरिंगच्या आसपास एक लहान बटण लपवलेले असते. चावी 'ऑन' करून ते दाबायचे. ते कुठे आहे, किती वेळा दाबायचे, हे बसवणाऱ्याला आधीच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता कोण सांगणार?

थांबून पुन्हा वाजत असेल तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. दाब कमी झाला की अलार्म फसतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर लावून पाहा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

दुसरा संशय बॉनेटखालच्या लहान खटक्यावर. चिखल, धूळ, पावसाचे पाणी बसून तो अडकतो आणि अलार्मला वाटते, बॉनेट उघडले. पुसून, बोटाने दाबून पाहा. दारांचे खटकेही तसेच बघा. गाडी गोठ्याशेजारी किंवा धान्याजवळ उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडली का तेही पाहा. हे आपल्याकडे फार होते. शेजारून ट्रॅक्टर गेला किंवा बॉनेटवर मांजर उडी मारून बसले तरी भोंगा वाजत असेल, तर धक्का ओळखणारा सेन्सर फार हळवा आहे. त्याचा स्क्रू मेकॅनिककडून थोडा कमी करून घ्यावा.

एवढ्यानेही भागले नाही तर चावी काढून बॅटरीची ऋण (-) वायर सोडा, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा जोडा. दोन्ही वायरी काढायच्या असतील तर ऋण आधी काढायची आणि शेवटी लावायची. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको. वायर सोडूनही भोंगा वाजतच राहिला तर घाबरू नका. काही भोंग्यांत स्वतःची छोटी बॅटरी असते आणि तो बंद करायची वेगळी किल्ली मिळते. ती किल्ली गाडीच्या कागदपत्रांबरोबर घरात ठेवावी, गाडीत नव्हे.