गोठ्याशेजारची जुनी फियाट विकताना

मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब आटोपल्यावर एका ताईंनी विचारलं, "आमच्या ह्यांची फियाट गोठ्याशेजारी उभी आहे. भंगारवाला किलोवर मागतोय. देऊन टाकू का?"

ताईंचे यजमान वारले, पण आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर आहे. म्हणून आम्ही आधी किमतीचं बोललोच नाही. गाडी कुणाची, ते विचारलं. दीर म्हणतात, भावाची गाडी, व्यवहार मी करतो. पण मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा हक्क असतो. ही माणसं असताना भावाला वाटा नाही. भाऊजींनी आरटीओत सोबत जरूर यावं. सही आणि पैसे मात्र वारसांचे.

आरटीओत फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून गाडी आधी आपल्या नावावर करायची. त्यासाठी मुदत ३ महिन्यांची आहे. ती उलटली असली तरी जावं, दंड पडू शकतो एवढंच. पुस्तक हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ भरावा. गाडीला १५ वर्षं झाली की दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. ते राहिलंय का, किती भरावं लागेल, हे तिथेच विचारून घ्या. गिऱ्हाईक नेमकं त्याच कारणाने भाव पाडतं.

आता भाव. आपण फियाट म्हणतो ती गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तीच. २०२३ च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून गेली. त्यामुळे हौसेने अशा गाड्या जपणारे लोक आहेत, आणि ते किलोवर घेत नाहीत. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी असेल तर २०२१ च्या नियमाने तिची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते. तेवढी जुनी नसली तरी दोन-तीन ठिकाणी भाव विचारावाच. इंजिन आणि चासीचे नंबर पुस्तकाशी जुळतात का ते बघा. विकण्याआधी रंग मारू नका, जुने दिवे, चाकाच्या टोप्या, मीटर काढून कुणाला देऊ नका. हौशी माणूस मूळ वस्तूंचेच पैसे देतो. (पोरांनी टोप्या खेळायला नेल्या असतील तर आजच शोधा!)

सौदा ठरला की दलाल म्हणतो, "ताई, कोऱ्या फॉर्मवर सही करा, बाकी मी बघतो." अजिबात करायची नाही. फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेली पाहूनच सही करावी. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की गाडी विकून टाकली, हातोहात फिरली, तरी पुस्तकावर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर. विमा संपलेला असेल तर ती रक्कम घर विकायला लावेल.

पैसे बँकेतून घ्या, आधारची प्रत आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेला कागद ठेवा. महिन्याभराने मुलीला मोबाईलवर एमपरिवहन ॲपात गाडीचा नंबर टाकायला सांगा. मालकाच्या नावाची काही अक्षरं झाकलेली दिसतात, पण आपलं नाव अजून तिथे असेल तर ते ओळखू येतंच.