आधी गाठ, मग दोर

कळवा स्टेशनच्या फलाटावर उभे राहून मुंब्र्याच्या दिशेने पाहिले, की पारसिकचा डोंगर दिसतो. याच डोंगराच्या पोटातून १९१६ साली रेल्वेचा बोगदा काढला गेला. डोंगराची रांग पुढे मुंब्र्याला पोचते आणि तेथे देवीच्या देवळाच्या परिसरात काळ्या कातळाच्या भिंती उभ्या राहतात. मुंबई-ठाण्याचे प्रस्तरारोहक या कातळावर वर्षानुवर्षे सराव करत आले आहेत. रविवारी सकाळी दोराला लटकलेली माणसे पाहून आमच्या भागातील मुलांना आपणही चढावे असे वाटते, यात नवल नाही.

असेच वाटलेले अकरावीतील तिघे जण एकदा माझ्याकडे आले. त्यांनी पैसे जमवून बाजारातून निळ्या प्लॅस्टिकच्या दोराचे तीस मीटरचे भेंडोळे आणले होते. येत्या रविवारी मुंब्र्याला जायचे ठरले होते. एकाने विचारले, "सर, दुकानदार म्हणाला हा एक टन माल ओढतो. आमचे वजन तर साठ किलो. मग पुरेल ना?"

प्रश्न पदार्थविज्ञानाचा होता, म्हणून उत्तरही प्रयोगानेच द्यायचे ठरवले. मैदानाच्या कडेला वडाची एक जाड फांदी आहे. तीस किलो वाळूचे पोते दोराला बांधून फांदीवरून लोंबत सोडले. गाठ त्या मुलांनीच मारली. पोते शांतपणे लोंबत राहिले आणि मुलांचे चेहरे खुलले. मग सर्वांना लांब उभे केले, पोते दीड मीटर वर उचलून घेतले आणि सोडून दिले. दोर ताणला गेला, एक हिसका बसला आणि पोते धप्पकन जमिनीवर आले.

दोर तुटला नव्हता. गाठ सुटली होती.

मुले बराच वेळ काही बोलली नाहीत. त्या पोत्याच्या जागी रविवारी कोण असते, हे मला सांगावे लागले नाही. पुढील तासाला आम्ही जो हिशेब केला, तोच येथे देत आहे.

पडण्याचा हिशेब

लोंबणाऱ्या वस्तूचा दोरावर पडणारा ताण तिच्या वजनाइतकाच असतो. पडणाऱ्या वस्तूचे तसे नाही. समजा, ६० किलोग्रॅमचा मुलगा ४ मीटर पडला. गुरुत्वत्वरण १० धरले, तर त्याचे वजन ६०० न्यूटन होते आणि पडताना त्याला ६०० × ४ = २४०० ज्यूल ऊर्जा मिळते. या पडण्याला एक सेकंदही लागत नाही, आणि शेवटी वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर होतो. ही सर्व ऊर्जा दोराला शोषून घ्यावी लागते.

ती किती अंतरात शोषली जाते, यावर सारे अवलंबून आहे. थांबण्यासाठी लागणारे अंतर १ मीटर असेल, तर सरासरी बल येते ६०० × (१ + ४) = ३००० न्यूटन, म्हणजे तशीच पाच मुले एकदम लोंबल्यासारखे. पण दोर मुळीच ताणला जाणारा नसेल आणि थांबणे अवघ्या १० सेंटिमीटरमध्ये झाले, तर बल येते ६०० × (१ + ४०) = २४,६०० न्यूटन, म्हणजे एकेचाळीस मुले! क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो, ते याच कारणाने. एक टनाचा दोर म्हणजे फार तर १०,००० न्यूटनचा. शिवाय तो तुटला नाही, तरी इतका हिसका माणसाचे शरीर सोसत नाही.

ताणणारा दोर

यावरून गिर्यारोहणाचा दोर वेगळा का असतो, ते कळते. तो नायलॉनचा असतो. आत तंतूंचा पिळदार गाभा आणि वर विणलेली खोळ अशी त्याची रचना असते. तो मुद्दाम ताणला जाईल असा बनवतात. १९३२ साली स्थापन झालेल्या गिर्यारोहण संघांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यासाठी चाचणी ठरवून दिली आहे. ८० किलोग्रॅमचा भार वारंवार खाली सोडतात. पहिल्या हिसक्याला एकेरी दोरातील बल १२,००० न्यूटनपेक्षा जास्त होता कामा नये, आणि दोराने असे निदान पाच हिसके सोसले पाहिजेत. बाजारातील माल बांधण्याच्या दोराची अशी परीक्षा झालेली नसते. त्याचा पॉलिप्रॉपिलीन उन्हाने ठिसूळ होतो आणि सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळतो. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने त्यात गाठही नीट बसत नाही. आमच्या पोत्याने तेच दाखवले.

मात्र चांगला दोर विकत घेतला, की काम झाले असे समजू नका. १४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधील मॅटरहॉर्न हे शिखर सात जणांनी प्रथमच सर केले. उतरताना एकाचा पाय घसरला. सर्व जण एका माळेत बांधलेले होते. मध्येच दोर तुटला आणि चौघे खाली कोसळून मरण पावले. नंतर आढळले, की तुटलेला दोर त्यांच्याजवळील दोरांपैकी सर्वांत कमकुवत होता. मजबूत दोर त्यांच्या सामानात होताच! उणीव सामानाची नव्हती. कोणता दोर कोठे वापरायचा, या निवडीत चूक झाली होती.

उंची नव्हे, गुणोत्तर

आता एक गमतीदार गोष्ट पाहा. ४ मीटर पडणे केव्हा अधिक धोक्याचे, चढाईच्या सुरुवातीला की बरेच वर गेल्यावर?

आघाडीचा आरोहक चढतो तेव्हा दोर त्याच्या खालून येत असतो. तो साथीदारापासून २ मीटर वर गेला आणि वाटेत दोर कोठेही अडकवलेला नसेल, तर पाय सुटल्यावर तो साथीदाराच्याही खाली २ मीटर जाईल. एकूण पडणे ४ मीटर आणि ते शोषायला दोर फक्त २ मीटर. गुणोत्तर आले २. तोच २० मीटर वर असताना शेवटचा आधार २ मीटर खाली असेल, तर पडणे तेवढेच ४ मीटर, पण दोर २० मीटर. गुणोत्तर ०.२. लांब दोर जास्त ताणला जातो, म्हणून हिसका कितीतरी कमी बसतो. दोरावरील बल पडण्याच्या उंचीवर नव्हे, तर या गुणोत्तरावर अवलंबून असते. १९५० साली अर्नोल्ड वेक्सलर या अमेरिकी गिर्यारोहकाने दोर रोखून धरण्याच्या क्रियेचे, म्हणजे 'बिले'चे, असे गणित मांडणारा लेख प्रसिद्ध केला होता.

नवशिक्यासाठी आघाडीची चढाई नाही, हे यावरून उघड आहे. त्याचा दोर वरच्या भक्कम आधारातून खाली यावा आणि सतत जवळजवळ ताठ असावा. मग पाय सुटला तरी तो जागच्या जागी लोंबतो.

खुंटाला वेढे

पण ताठ दोर धरून ठेवतो कोण? खाली उभा असलेला साथीदार, म्हणजे बिलेअर. पन्नास किलोचा मुलगा साठ किलोच्या मुलाला कसा रोखतो? उत्तर आहे घर्षण. भाऊच्या धक्क्यावर लाँच लागते तेव्हा खलाशी खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे टाकतो आणि एकटा माणूस सबंध लाँच रोखतो. घर्षणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने ताण सुमारे साडेसहा पट कमी होतो, आणि दोन वेढ्यांनी साडेसहा गुणिले साडेसहा, म्हणजे जवळजवळ ४३ पट. ६०० न्यूटन धरायला मग १४ न्यूटन पुरतात, म्हणजे दीड किलो साखरेच्या पिशवीइतकेही नाही. बिलेचे साधन दोराला वळणे देऊन हेच करते.

मात्र शून्याला ४३ ने गुणले तरी शून्यच येते. बिलेअरने दोराच्या मोकळ्या टोकावरील हात एक क्षण जरी काढला, तरी साधन कितीही महाग असो, दोर सुटू शकतो. ही सवय हातात मुरावी लागते. ती दुकानात मिळत नाही.

दोन आधार आणि त्यांतील कोन

वरच्या टोकाला दोर एकाच ठिकाणी बांधत नाहीत. एक आधार निसटला तर दुसरा असावा, म्हणून निदान दोन घेतात. परंतु त्या दोन फाट्यांमधील कोन महत्त्वाचा आहे. कोन ६० अंश असेल, तर प्रत्येक आधारावर भाराच्या ५८ टक्के ताण येतो. १२० अंशांना प्रत्येकावर पूर्ण भाराइतका येतो. १६० अंशांना तो भाराच्या जवळजवळ तिप्पट होतो! दोन आधार घेऊनही आपण दोन्ही धोक्यात आणतो.

हे घरी करून पाहा. सुतळीच्या मध्यावर पाण्याचा तांब्या बांधा. दोन मित्रांनी दोन टोके धरून सुतळी आडवी सरळ करून दाखवावी. कितीही जोर लावला तरी मधला बाक जात नाही. का, ते बलांच्या समांतरभुज चौकोनावरून शोधा.

पाय का घसरतो?

दोर हा पडल्यानंतरचा उपाय झाला. मुळात न पडणे हे पायांवर अवलंबून आहे. नवशिका भीतीने कातळाला मिठी मारतो. तिरप्या कातळावर अशी मिठी मारली, की शरीराचा काही भार हातांवर जातो आणि पायांचा कातळावरचा लंब दाब घटतो. घर्षण त्या दाबाच्या प्रमाणात असल्याने तेही घटते, पण खाली ओढणारे बल मात्र तेवढेच राहते. भिंतीला टेकलेली शिडी पायाशी घसरते, तसे पाय घसरतात. म्हणून अशा कातळावर ताठ उभे राहून भार पायांवर ठेवायचा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी पक्के ठेवून एका वेळी एकच हलवायचा, हा पहिला धडा.

आपला सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो कठीण आहे, पण जुना आणि ठिकठिकाणी तडकलेला. पकडण्याआधी दगडावर थापटून पाहावे. पोकळ आवाज आला, तर त्याच्यावर भरवसा ठेवू नये. पावसाळ्यात शेवाळामुळे घर्षण जवळजवळ नाहीसे होते. आणि कड्याला आग्या मोहोळ असेल, तर मुकाट्याने परत फिरावे. तेथे कोणताही दोर उपयोगी नाही.

मग शिकायचे कसे?

आपल्याकडे शिकण्याची सोय आहे. मुंबईतील गिरिविहार ही संस्था १९५४ पासून काम करते. २०१६ आणि २०१७ साली तिने नवी मुंबईत आरोहणाची विश्वचषक स्पर्धा भरवली होती. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये, तर उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ मध्ये सुरू झाली. टोकियोच्या ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्येही आला आहे.

क्रम असा ठेवावा. प्रथम जमिनीवर बसून गाठी शिकाव्या. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ डोळे मिटून मारता आली पाहिजे, आणि दुसऱ्याने मारलेली तपासताही आली पाहिजे. मग जाणत्यांच्या देखरेखीखाली डोकीइतक्याही उंचीवर न जाता पायांचा सराव करावा. त्यानंतर शिरस्त्राण घालून, प्रशिक्षकाने लावलेल्या वरच्या दोरावर चढावे. बिले करताना सुरुवातीला मागे दुसरा माणूस दोर धरून असावा. या काळात सामान संस्थेचे वापरावे. तोपर्यंत कोणते सामान का लागते, हे आपोआप कळते, आणि दोर घेण्याची वेळ येते तेव्हा तो कसा तपासायचा, उन्हापासून व आम्लापासून कसा जपायचा आणि केव्हा टाकून द्यायचा, हेही ठाऊक झालेले असते. जुना दोर कधी विकत घेऊ नये. त्याने किती हिसके खाल्ले, ते बाहेरून दिसत नाही. आणि हे सर्व घरी सांगून करावे.

त्या तिघांनी रविवारचा बेत रद्द केला आणि पुढे एका संस्थेच्या प्राथमिक शिबिरात नाव घातले. पहिला पूर्ण दिवस त्यांना कातळाला हातही लावू दिला नाही, फक्त गाठी मारायला लावल्या. परत आल्यावर त्यांपैकी एकाने वर्गातल्या बाकाच्या पायाला गाठ मारून दाखवली आणि म्हणाला, "सर, आता ओढा." मी ओढली. सुटली नाही.

निळ्या दोराचे काय झाले? तो एकाच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधला आहे. मध्ये थोडा बाक ठेव, फार ताणून बांधू नकोस, एवढेच मी त्याला सांगितले. का, ते त्याने मला विचारले नाही.