आकडा आणि कारण : ग्रामीण न्यायाच्या नोंदींविषयी

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला. वनहक्क कायद्याखाली ज्यांचे दावे अंतिमतः नामंजूर झाले आहेत, त्यांना वनजमिनीवरून हटवण्याची कार्यवाही राज्यांनी जुलैतल्या पुढच्या तारखेपर्यंत पुरी करावी, असा त्याचा आशय होता. राज्यांनी प्रतिज्ञापत्रांतून दिलेल्या आकड्यांची बेरीज दहा लाखांहून अधिक नामंजूर दाव्यांवर जात होती. पंधरा दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, न्यायालयानेच या आदेशाला स्थगिती दिली आणि राज्यांना विचारले : दावे नामंजूर करताना कोणती पद्धत पाळली? दावेदाराला पुरावा मांडण्याची संधी मिळाली होती का? निर्णयाला कारणे दिली होती का?

या पंधरा दिवसांत दाव्यांची संख्या बदलली नव्हती. बदलला तो प्रश्न. ‘किती’ याचे उत्तर एका तक्त्यात मावत होते. ‘का’ आणि ‘कसे’ यांच्या उत्तरासाठी एकेका गावाचे बाड उघडावे लागणार होते. न्याय गावापर्यंत नेऊ पाहणाऱ्या प्रकल्पांनी माहिती कशी राखावी आणि अहवाल कसा लिहावा, हा विषय वरवर कारकुनी वाटतो. त्यात माणसांची शेते आणि घरे कशी अडकलेली असतात, हे या प्रसंगातून कळते.

कायद्यातली वाट

२००६ च्या या कायद्यानुसार दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. गावाची वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, उपविभागीय समिती तो तपासते आणि जिल्हास्तरीय समिती निर्णय देते. जमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या पारंपरिक वननिवासींना शिवाय तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते.

पुराव्यांची यादी मात्र उदार आहे. जनगणना, नकाशे, वनखात्याचे अभिलेख तर त्यात आहेतच. पण रेशनकार्ड, शेतातला जुना बांध, घराचा पाया, वंशावळ आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही त्यात बसतो. ज्यांच्या पिढ्यांनी सातबारा पाहिला नाही, त्यांची आठवण हाही पुरावा मानायचा, हे या नियमांचे मोठेपण. सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने आणखी काही गोष्टी स्पष्ट केल्या. उपग्रहाचे छायाचित्र इतर पुराव्यांना पूरक असेल, त्यांची जागा घेणार नाही. ग्रामसभेची शिफारस फेटाळताना सविस्तर कारणे नोंदवावी लागतील. निर्णय दावेदाराला समक्ष कळवावा लागेल, म्हणजे त्याला साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येईल. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्रांसाठी २०२० मध्ये जिल्हास्तरीय निर्णयाविरुद्ध विभागीय स्तरावर अपिलाचीही सोय झाली.

या सगळ्या तरतुदी एका साध्या गोष्टीवर उभ्या आहेत : निर्णय दावेदाराच्या हाती कधी पडला आणि त्यात काय लिहिले होते, हे त्याला सांगता आले पाहिजे. तारीख नसेल तर मुदत मोजता येत नाही. कारण ठाऊक नसेल तर अपिलात कशाचे खंडन करायचे ते कळत नाही.

जुन्या काळचा एक दाखला

निवाड्याचा कागद पक्षकाराच्या हाती असावा, ही कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. मराठेशाहीत गोतसभेपुढे वाद चाले, तेव्हा हजर असलेल्यांची नावे, दोन्ही पक्षांची म्हणणी, साक्षी आणि निर्णय हे सारे महजरात लिहिले जाई. तो कागद जिंकणाऱ्याला मिळे आणि हरणारा त्याला येजितखत लिहून देई. पुढे दोन पिढ्यांनी तोच वाद उकरला गेला, तर घरातला कागद बाहेर निघे. त्या सभांमध्ये जातीची उतरंड होती आणि वतनदारांचे वजन होते, हे विसरून चालणार नाही. तरीही निवाडा कसा झाला याची नोंद तो ज्याच्याविषयी झाला त्याच्या घरी राहावी, ही रीत आजच्या प्रकल्पांनी घेण्याजोगी आहे.

आजचा प्रवाह बहुधा वरच्या दिशेने वाहतो. विधी सेवा प्राधिकरणांचे विधी स्वयंसेवक, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, निधी देणारे न्यास यांच्यामध्ये दर तिमाहीला अहवाल फिरतात : शिबिरे इतकी, उपस्थिती इतकी, अर्ज भरून दिले इतके. हे आकडे खोटे नसतात, पण ते प्रकल्पाने काय केले ते सांगतात; माणसाचे पुढे काय झाले ते सांगत नाहीत. अर्ज भरून दिला तो दिवस प्रकल्पासाठी काम संपल्याचा असतो. दावेदारासाठी तो वाट सुरू झाल्याचा असतो.

नोंद कशाची ठेवावी

म्हणून नोंदवहीचे एकक ‘शिबिर’ न ठेवता ‘दावा’ ठेवावे. प्रत्येक दाव्यापुढे मोजक्याच गोष्टी हव्यात : तो कुठे दिला, आवक क्रमांक आणि पोच, जोडलेले पुरावे, पडताळणीची तारीख, ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक, आज तो कोणाच्या टेबलावर आहे, निर्णय आणि त्याची कारणे, तो हाती पडल्याचा दिवस, आणि पुढची मुदत. त्याची एक प्रत दावेदाराच्या घरी, त्याला वाचता येईल अशा भाषेत असावी. कार्यकर्ता नोकरी सोडून गेला किंवा निधी आटला, तरी दावा चालूच असतो.

अशी वही भरत गेली की तिच्यातून दिसू लागते. एकाच तालुक्यातले वीस दावे ‘पुरावा अपुरा’ एवढ्याच शेऱ्याने परत आले असतील, तर तो वीस जणांचा दोष उरत नाही; कार्यालयाची रीत कुठेतरी चुकते आहे, हे कळते. एका गावात वडीलधाऱ्यांचा जबाब मान्य झाला आणि शेजारच्या गावात झाला नाही, तर तो मंजूर निर्णय दुसऱ्या गावाच्या अपिलाला जोडता येतो. ज्ञानव्यवस्थापन हा जड शब्द ज्यासाठी वापरतात ते एवढेच : एकाने पायपीट करून मिळवलेले शहाणपण दुसऱ्याला वेळेवर मिळणे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने हे काम बाहेरच्या कोणावर सोपवले नाही. तिथे अभ्यासगटात आधी विषय समजून घ्यायचा आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय करायचा, ही पद्धत कायदा येण्याच्या कितीतरी आधी रुजली होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातल्या अगदी पहिल्या अशा मान्यतांमध्ये तो मोडतो. कायदा आला तेव्हा गावाकडे त्याला द्यायला माहिती तयार होती.

एक सावधगिरीही हवी. कौटुंबिक हिंसाचार किंवा जमिनीवरून भावकीत पेटलेला वाद यांची नोंद चुकीच्या हाती गेली, तर मदतीसाठी आलेल्या बाईच्या जिवावर बेतू शकते. वर जाणाऱ्या अहवालात नाव, पाडा, ओळख पटेल असा तपशील नको. छायाचित्र तर नकोच. तिची संमती विचारताना ‘नाही’ म्हटले तरी मदत थांबणार नाही, हे तिला आधी सांगितले पाहिजे.

निधी देणाऱ्यांनीही आपला प्रश्न बदलावा. किती लाभार्थी, याबरोबर इतके विचारावे : किती जणांच्या हाती कारणांसह निर्णय पडला? किती जणांनी मुदतीत दाद मागितली? किती प्रकरणे वर्षभर एकाच टेबलावर पडून आहेत? या प्रश्नांची उत्तरे वार्षिक अहवालात शोभून दिसणार नाहीत. पण अहवालात अपयश लिहिण्याची मुभा नसेल, तर कार्यकर्ता ते लिहिणार नाही आणि पुढच्या गावाला तीच ठेच पुन्हा लागेल.

२०१९ मध्ये लाखो कुटुंबांवर टांगलेली तलवार तूर्त थांबली, कारण कोणीतरी आकड्यामागचे कारण विचारले. ते कारण सांगणारा कागद दावेदाराच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत आधीपासून असेल, तर दरवेळी सर्वोच्च न्यायालयाने विचारण्याची वाट पाहावी लागणार नाही.