हलत्या चित्राची तालीम

चित्रकला हा आमचा विषय नव्हे. शाळा आम्ही सातवीत सोडली; पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकांत. तरीही कार्टूनपटाची चित्रे काढायला शिकणाऱ्या मुलांविषयी बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहो, त्याला कारण एक वही आहे. आमच्या संघटनेतील एका हमालाची मुलगी ॲनिमेशन शिकते. पहिल्या वर्षी तिने पोते उचलणाऱ्या माणसाची चित्रे काढून वडिलांना दाखवली. चित्रे सुबक होती. सदऱ्याच्या चुण्यासुद्धा तिने सोडल्या नव्हत्या. वडिलांनी वही लांब धरून पाहिली आणि म्हणाले, "पोरी, हे पोतं रिकामं हाय." मुलगी रडकुंडीला आली. वडिलांचे म्हणणे खरे आहे हे आम्हांलाही दिसत होते. पण ते खरे का, हे काही सांगता येईना. मग आम्ही त्याच्या मागे लागलो.

आधी हिशेब पाहू. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटींपुरते टिकवले तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात, मिनिटाला ७२०, आणि दहा मिनिटांच्या पटाला, एकच पात्र सतत हलते आहे असे धरले तर, ७,२००. यांतले एकही चित्र प्रेक्षकाला निवांत पाहायला मिळत नाही. तेव्हा सुटे चित्र किती देखणे आहे याला येथे फारसे मोल नाही. एका चित्रातून दुसऱ्यात जाताना अंगाचा भार कोठून कोठे गेला, हे दिसले पाहिजे. हमाल पोते वर घेण्यापूर्वी आधी खाली जातो. पाय फाकतात, कंबर भाराखाली सरकते, मान वाकते, मोकळा हात तोलासाठी बाहेर जातो. पहिले पाऊल तोकडे पडते. पोते थप्पीवर टाकले की सारे अंग क्षणभर हलके होऊन वर उसळते. मुलीने पोते काढले होते, माणूसही काढला होता; भार काढायचा राहिला होता. पोत्यात कापूस आहे की ज्वारी, हे माणसाच्या गुडघ्यावरून कळते.

हे शिकवण्याची रीत मोठी मजेदार आहे. विद्यार्थ्याला प्रथम माणूस काढूच देत नाहीत. आधी उसळणारा चेंडू. जमिनीवर आपटताना तो चपटा होतो, वेगात लांबट होतो. पण त्याचे आकारमान तेवढेच राहिले पाहिजे, नाहीतर चेंडू न वाटता फुगा वाटतो. त्यानंतर पिठाची अर्धी भरलेली पिशवी. तिला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही; तरी ती दमली आहे की ऐटीत आहे, हे नुसत्या ओघळावरून दाखवायचे. मग जिवंत माणूस समोर उभा करून तीस-तीस सेकंदांची रेखाटने. तेवढ्या वेळात नाकडोळे काढायला सवडच नसते. डोक्यापासून टाचेपर्यंत अंगातून जाणारी एक ओढ तेवढी पकडायची आणि कागद उलटायचा. रोज अशी पाने भरायची, आणि त्यांतली बहुतेक फेकून द्यायची.

या तालमीला शिस्त आली ती अमेरिकेत. आर्ट बॅबिट नावाचा एक चित्रकार वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत होता. १९३२ साली त्याने स्वतःच्या घरी सोबत्यांना जमवून, मॉडेल समोर बसवून रेखाटनाचा सराव सुरू केला. डिस्नेने त्याचे महत्त्व ओळखले, आणि त्याच वर्षी शुईनार्ड कलासंस्थेतील डॉन ग्रॅहॅम यांना नेमून स्टुडिओतच संध्याकाळचे वर्ग काढले. १९३५ च्या डिसेंबरात त्याने ग्रॅहॅम यांना लांबलचक पत्र लिहून या शिक्षणाची सविस्तर आखणी मांडली. हालचालींच्या फिती संथ गतीने, पुन्हा पुन्हा पाहून त्यांची चिकित्सा होऊ लागली. १९३७ चा 'स्नो व्हाइट' या तालमीतून उभा राहिला. पुढे 'बॅम्बी'साठी हरणाची दोन जिवंत पाडसे स्टुडिओत आणून ठेवली होती. मालकाने शिकवणीवर पैसा खर्च केला, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. मालकांना चांगले म्हणण्याची संधी आम्हांला क्वचित मिळते.

पण गोष्ट येथे संपत नाही. मुख्य चित्रे थोडे जण काढीत. त्यांच्यामधली शेकडो चित्रे भरणारे हात पुष्कळ होते, त्यांचा पगार थोडा होता, आणि कित्येकांचे नाव पडद्यावर येत नसे. बॅबिट स्वतः वरच्या पगाराचा माणूस. तरी तो या खालच्यांच्या संघटनेत उतरला. १९४१ च्या मे महिन्यात त्याला कामावरून काढले आणि लगेच संप झाला. अखेर संघटनेला मान्यता मिळाली. बॅबिटलाही कायद्याने भांडून परत जागा मिळाली. ज्याने घरी सरावाचा वर्ग भरवला त्यानेच दाराशी निदर्शने केली, हा आम्हांला योगायोग वाटत नाही. एका सेकंदामागे किती मेहनत आहे, हे तो हाताने जाणत होता.

त्या तालमीचा धागा मुंबईपर्यंतही आला. भारतात जन्मलेले आणि 'बॅम्बी'वर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी राम मोहन यांनी पुढे आयुष्यभर हेच काम केले व इतरांनाही शिकवले.

आता संगणक आहे. दोन टोकांची चित्रे दिली की मधली तो भरून देतो, मग मनगट कशाला झिजवायचे, असे मुले विचारतात. प्रश्न योग्य आहे. परंतु सांगितल्याशिवाय यंत्र मधली अंतरे सारखी ठेवते, आणि भाराखालचा माणूस सारख्या अंतराने हलत नाही. उचलताना तो रेंगाळतो, टाकताना सुटतो. कोठे रेंगाळायचे हे ज्याने शेकडो वेळा काढून पाहिले आहे, त्यालाच यंत्राची चूक दिसते.

अडचण आहे ती वेळेची. ही मुलगी संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहिते आणि रात्री वही उघडते. एका स्टुडिओने चाचणी म्हणून तिच्याकडून आठवडाभराचे काम फुकट करून घेतले आणि उत्तरही पाठवले नाही. तालीम वेगळी आणि वेठ वेगळी, हे आम्ही तिला समजावून सांगितले.

वहीचे मात्र चांगले चालले आहे. ती आता सुट्टीच्या दिवशी बाजार समितीच्या आवारात एका पालथ्या टोपलीवर बसून काढते. हमाल पहिल्यांदा लाजत. आता कोणी ढुंकून पाहत नाही, आणि तेच तिला हवे असते. गेल्या महिन्यात तिने सुट्या कागदांची एक चळत वडिलांच्या हाती दिली. त्यांनी ती अंगठ्याने भरभर सोडून पाहिली, पुन्हा सोडून पाहिली. "आता ज्वारी हाय," ते म्हणाले. "पर दुसऱ्या पावलाला ह्यो पडतोय." तिने चळत मागे घेतली, मधले तीन कागद उपसून काढले आणि पेन्सिलीला टोक करायला बसली.