खासदाराचं दप्तर कसं वाचावं

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीच्या मतदारानं २००९ पासून लोकसभेच्या चार निवडणुका पाहिल्या आणि चारही वेळा खासदार तेच निघाले, प्रतापराव जाधव. शिवसेनेचे, म्हणजे उजव्या, हिंदुत्ववादी राजकारणातले. एकच माणूस इतकी वर्षं दिल्लीत असला की त्याचं काम तपासायला कागद भरपूर असतात. अडचण एवढीच, की ते एका जागी नसतात आणि जे सगळ्यांत सहज हाती लागतं ते सगळ्यांत कमी सांगतं. निवडणूक आली की हजेरीचे टक्के आणि प्रश्नांचे आकडे मोबाइलवर फिरू लागतात. सुरुवात तिथून करू नये.

आधी माणूस तिथं पोचला कसा ते पाहावं. जाधव मेहकरचे. १९९५, १९९९ आणि २००४ असे तीनदा तिथले आमदार. बुलढाणा लोकसभा मतदारसंघ तेव्हा अनुसूचित जातींसाठी राखीव होता; मुकुल वासनिक, आनंदराव अडसूळ इथूनच निवडून जायचे. मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली. बुलढाणा लोकसभा खुली झाली आणि नेमकी मेहकर विधानसभा राखीव. तिकडे अमरावती लोकसभाही राखीव झाली. २००९ मध्ये अडसूळ अमरावतीतून उभे राहिले, जाधव बुलढाण्यातून आणि दोघंही निवडून आले. एका नकाशानं दोन कारकिर्दी वळवल्या, पण हे कुठल्या प्रचारपत्रकात छापून येत नाही.

पुढचा प्रवास वाचकाला ठाऊक आहे. २०१९ ला भाजपच्या युतीत विजय, वर्ष संपायच्या आत पक्ष युतीबाहेर, जुलै २०२२ मध्ये जाधव एकनाथ शिंदेंच्या गटात. २०२४ ला समोर ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर होते आणि फरक २९,४७९ मतांचा. अपक्ष रविकांत तुपकरांनी अडीच लाखांच्या आसपास मतं घेतली, त्यामुळे या फरकाचा अर्थ लावताना घाई नको. आपल्या गावानं काय केलं ते पाहायचं तर निवडणूक आयोगाचा ‘नमुना २०’ उघडावा. त्यात मतदान केंद्रागणिक मतं असतात.

आता प्रश्न. लोकसभेत सकाळी अकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. दिवसाला तारांकित प्रश्न वीस आणि अतारांकित दोनशे तीस. तारांकिताला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. खासदार सूचना देतो, पण नंबर लागतो तो चिठ्ठी काढून. म्हणजे ‘इतके प्रश्न विचारले’ या आकड्यात चिकाटी असते तितकंच नशीबही. शिवाय उत्तरात काय मिळालं, हे आकडा सांगतच नाही.

खामगाव–जालना रेल्वेचंच घ्या. चिखली आणि देऊळगाव राजावरून जाणाऱ्या या मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. खामगावला जलंबहून आलेला छोटा फाटा आहे, जालन्याला स्टेशन आहे, मधल्या पट्ट्यात रूळ नाहीत. अशा विषयांवर रेल्वे मंत्रालयाची उत्तरं वाचायला लागलात की एक वाक्य हमखास भेटतं: प्रकल्प राज्यनिहाय नव्हे, विभागीय रेल्वेनिहाय हाती घेतले जातात. तिथं थांबू नका, पुढे जा आणि काम कोणत्या पायरीवर आहे ते शोधा. सर्वेक्षण मंजूर झालं, याचा अर्थ मार्ग मंजूर झाला असा नव्हे. सर्वेक्षणानंतर सविस्तर प्रकल्प अहवाल (डीपीआर), त्यात वाहतूक किती आणि परतावा किती याचं गणित, मग नीती आयोग, अर्थ मंत्रालय, मंजुरी आणि शेवटी अर्थसंकल्पातली तरतूद. दोन वर्षांच्या अंतरानं दिलेली दोन उत्तरं शेजारी ठेवावीत. पायरी तीच असेल तर मधल्या काळात कितीही निवेदनं दिली गेली असोत, काम तसूभर सरकलेलं नसतं. शून्य प्रहरात किंवा नियम ३७७ खाली मांडलेल्या विषयांनाही हीच कसोटी लावावी.

मतदानाचा कागद सगळ्यांत फसवा. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात आणि त्यात कोणाचंही नाव नोंदलं जात नाही. सप्टेंबर २०२० मधली कृषी विधेयकं अशीच झाली, नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे रद्दही असेच झाले. सोयाबीनवाल्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला आपल्या खासदाराचा हात कुठं होता हे नोंदीत सापडणार नाही. मतविभाजन मागितलं तरच नावं येतात. तीही व्हिपच्या धाकाखालची. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला डिसेंबर २०१९ मध्ये शिवसेनेनं लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. पक्ष तोच, विधेयक तेच!

माझ्या मते खासदार खरा कळतो तो स्थायी समितीच्या अहवालांत. समितीत लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा सदस्य, बैठका बंद दाराआड. म्हणून तिथं भाषणबाजी कमी आणि अधिकाऱ्यांची झाडाझडती जास्त. जाधव ग्रामीण विकास समितीचे अध्यक्ष होते. त्या समितीनं फेब्रुवारी २०२२ च्या अहवालात मनरेगाचे हमी दिवस शंभरावरून दीडशे करावेत, असं म्हटलं. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. म्हणून मूळ अहवालापाठोपाठ येणारा कृती अहवालही काढावा. सरकारनं काय मानलं आणि काय टोलवलं ते त्यात असतं.

जून २०२४ पासून जाधव आयुष मंत्रालयाचे स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री आहेत, शिवाय आरोग्य खात्याचे राज्यमंत्री. मंत्री झाला की प्रश्न विचारणं बंद, हजेरीपटावर सहीही नाही. तक्त्यात शून्य दिसलं म्हणून ओरड करण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळू लागले, आयसीएमआरची पथकं आली. गावं यांच्याच मतदारसंघातली आणि खातंही यांचंच. अशा वेळी सभागृहात प्रश्न विचारायचा तो दुसऱ्या कुठल्या तरी खासदारानं. तेव्हा आता जाधवांचं नाव उत्तर देणाऱ्याच्या रकान्यात शोधायचं.

राहिला खासदार निधी. वर्षाला पाच कोटी, पण ते खासदाराच्या हातात येत नाहीत. तो काम सुचवतो. मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाचा. कोविडमध्ये एप्रिल २०२० पासून दीड वर्षाहून जास्त काळ हा निधी बंद होता, ती वर्षं हिशेबातून वगळावीत. त्याहून कामाची, पण फारशी कोणी न पाहिलेली जागा म्हणजे ‘दिशा’ समिती. केंद्राच्या योजनांचा जिल्ह्यातला आढावा घेणाऱ्या या समितीचं अध्यक्षपद खासदाराकडे असतं, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. बैठक दर तिमाहीला व्हायला हवी. इतिवृत्त हवं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज बुलढाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कागद दुसऱ्या कार्यालयात असतील तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ‘रस्त्यांचं काय झालं’ असं मोघम विचारू नये. ‘गेल्या चार बैठकींच्या तारखा, उपस्थितीपत्रक, इतिवृत्त आणि मागील बैठकीतील मुद्द्यांवर झालेली कार्यवाही यांच्या प्रती द्याव्यात’ एवढंच लिहावं.